द्राक्षांच्या मुलखात आठ दिवस

गुढीपाडवा आटोपताच आम्ही सहकुटुंब नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात माझ्या बहिणीच्या घरी गेलो होतो. निमित्त कौटुंबिक असले, तरी माझ्या वडिलांच्या मनात निराळाच हेतू होता. आयुष्यभर धान पिकवून शिल्लक टाकलेली रक्कम खर्चून लाखनी तालुक्यातील आमच्या दीड एकर बांधीत द्राक्षाचा मांडव उभारावा, असे त्यांनी जवळजवळ ठरविले होते. जावयांच्या बागेची कीर्ती त्यांच्या कानी होतीच. “तू कृषी खात्यात आहेस, तूच सांग,” असे ते मला म्हणत. मी नुसते ‘नको’ म्हटले असते, तर ते त्यांना पटले नसते. म्हणून प्रत्यक्ष पाहून मग ठरवावे, असे मी सुचविले आणि भंडारा रोड स्थानकावरून आम्ही निघालो.

दोन देशींचा वसंत

द्राक्ष हे मूळचे समशीतोष्ण हवामानाचे पीक होय. भूमध्य समुद्राकाठच्या फ्रान्स, इटली, स्पेन ह्या देशांत पाऊस मुख्यत्वे हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. थंडीत वेल पाने गाळून विश्रांती घेते. त्याच काळात तिची छाटणी होते, वसंतात डोळे फुटतात आणि फळे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास उतरतात.

महाराष्ट्रात वेलीस झोप लागावी इतकी थंडी पडत नाही. म्हणून आपल्या बागायतदारास वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीत जुनी काडी एक-दोन डोळे राखून कापतात. नव्या फुटीच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या स्वच्छ उन्हात पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपाने तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या दुसऱ्या, म्हणजे गोडी छाटणीनंतर ते घड बाहेर पडतात आणि माघापासून चैत्रापर्यंत काढणी चालते. भूमध्य प्रदेशातील शेतकरी वसंतात कोवळी फूट पाहतो, तर नाशिकचा शेतकरी त्याच दिवसांत एका हाताने घड उतरवितो व दुसऱ्या हाताने पुढील वर्षाची काडी कापतो.

कात्री हाती घेतल्यावर

आम्ही पोहोचलो तेव्हा बागेच्या एका भागात काढणी संपत आली होती व दुसऱ्या भागात खरड छाटणी सुरू झाली होती. पेठ-सुरगाण्याकडील मजुरांच्या टोळ्या पहाटेपासून कामास लागत. दुसऱ्या दिवशी आम्हीही त्यांच्यात सामील झालो. घड देठाला धरूनच कापावा, मण्यांवरील नैसर्गिक पांढरी झाक बोटांनी पुसली जाऊ नये, तडकलेला मणी लहान कात्रीने अलगद काढावा, हे बहिणीने आम्हांस दाखविले. पत्नी तिच्याबरोबर पेट्या भरण्यास बसली. लहान मुलीकडे छाटलेल्या काड्या ओळीत टाकण्याचे काम आले. ह्या काड्या बागेतच कुजवून जमिनीस परत देतात.

वडिलांनी छाटणीची कात्री मागितली, परंतु पहिलीच काडी त्यांनी बुडापासून उडविली. तेव्हा जावई हसून म्हणाले, “मामा, डोळे मोजल्याशिवाय कात्री लावायची नाही. आज चुकलेला डोळा पुढच्या फाल्गुनात कळतो.” त्यानंतर वडील प्रत्येक काडीपाशी थांबून डोळे मोजू लागले.

वहीतील पाने

एके रात्री जावयांनी आपली वही वडिलांपुढे ठेवली. छाटणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, फवारलेल्या औषधाचे नाव व प्रमाण, मजुरी, विक्री, असे सर्व तीत नोंदलेले होते. ही केवळ हौस नव्हे. २०१० साली क्लोरमेक्वाट ह्या वाढनियंत्रकाचा अंश आढळल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली होती. तेव्हापासून कोणते औषध कधी मारले, ह्या प्रश्नास लेखी उत्तर देणे निर्यातदार बागायतदारास अधिकच अगत्याचे झाले आहे.

त्याच वहीत एका वर्षाचे पान होते. फुलोऱ्याच्या वेळी अवकाळी पाऊस लागून केवडा रोग पसरला, उरलेला माल काढणीच्या सुमारास पुन्हा पाऊस येऊन तडकला, आणि त्या वर्षी औषधांचा खर्चदेखील निघाला नाही. वडिलांनी ते पान दोनदा वाचले व चष्मा काढून ठेवला. सुबत्तेची कीर्ती आमच्या गावापर्यंत पोहोचली होती, परंतु हे पान पोहोचले नव्हते.

आपल्या जिल्ह्यासाठी बोध

परतीच्या प्रवासात वडिलांनी मला विचारले, “आपल्या बांधीत पाणी किती दिवस उभे असते?” उत्तर त्यांना ठाऊक होते. रोवणीपासून धान निसवेपर्यंत पाणी साठविण्यासाठीच बांधी बांधलेली असते. द्राक्षाच्या मुळांना मात्र निचरा व हवा लागते. शिवाय आपल्याकडे निफाड भागाच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो व दमट हवेत केवडा, भुरी ह्यांसारखे रोग बळावतात. मांडव, तारा व ठिबक ह्यांचा खर्च तर पहिले फळ येण्यापूर्वीच करावा लागतो. म्हणून व्यापारी द्राक्षबाग आपल्या बांधीत लावू नये, असेच माझे मत आहे. वडिलांनीही तो विचार सोडला.

मात्र त्या मुलखातून आणण्यासारखे पुष्कळ आहे. बोर्डो मिश्रण हे द्राक्षाच्या केवड्यावरील औषध म्हणून बोर्दो येथील प्राध्यापक मिलार्दे ह्यांनी १८८५ साली पुढे आणले. आज ते आपण संत्र्यावर व पानमळ्यातही वापरतो. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद व एक किलो चुना निरनिराळे भिजवून शंभर लिटर पाण्यात एकत्र करावे. भांडे लोखंडाचे नसावे व मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वही. शेतकरी बंधूंनी ह्या खरिपापासून पऱ्हे टाकल्याची व रोवणीची तारीख, धानाचा वाण, खताची मात्रा, तुडतुडे किंवा करपा दिसल्याचा दिवस, फवारणीचा खर्च, उतारा व मिळालेला भाव लिहून ठेवावा. धान निघाल्यावर बांधीच्या ओलीवर घेतलेल्या लाखोळी, जवस किंवा हरभऱ्याचा हिशोबही त्यातच निराळा मांडावा. कोणते पीक ठेवावे व कोणते सोडावे, हे दोन-तीन वर्षांत आपली आपणांसच कळून येईल.

माझ्या वडिलांनी घरी येताच अशी वही घातली आहे. मुलीच्या हट्टामुळे जावयांनी दिलेले द्राक्षाचे एक रोप मात्र परसात विहिरीजवळ लावले आहे. वहीत त्याचाही खर्च वडिलांनी पहिल्या पानावर लिहिला आहे.