मिसफायर, स्कॅनर आणि मिस्त्रीचा कान

देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात आठवडे बाजार करणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे अर्धे दुकानच. ती चढावर आचके देऊ लागली, इंजिन थरथरू लागले आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की बाजार हुकलाच समजा. या दुखण्याला गॅरेजात 'मिसिंग' म्हणतात. चारपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात आमचे उस्ताद चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून पाहत. ज्या वायरीने इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तोच सिलिंडर आजारी. हा हुन्नर कानाचा होता आणि आपल्या बिरादरीतील अनेक घरांची चूल त्यावर पेटली. मात्र भारत स्टेज-४ चे नियम २०१० मध्ये मोठ्या शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, १ एप्रिल २०२० पासून स्टेज-६ आले. आता गाडीतला कॉम्प्युटर स्वतःच पहारा देतो. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर तिची गती मोजत असतो. प्रत्येक ज्वलनाला मिळणारा धक्का चुकला की गती क्षणभर मंदावते, कॉम्प्युटर ते टिपतो आणि नंबर नोंदवून ठेवतो.

हा नंबर वाचण्याचे यंत्र म्हणजे स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात ते लावतात. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०३ म्हणजे तिसरा, आणि पी ०३०० म्हणजे दोष एका जागी नाही, फिरता आहे.

आमच्या कापडाच्या गठड्या वाहणाऱ्या पेट्रोल व्हॅनचे उदाहरण देतो. एका गॅरेजवाल्याने अंदाजाने चारही प्लग बदलले, मग पेट्रोलपंपही बदलला. बिल झाले, आचके तसेच. पुढे एका तरुण मिस्त्रीने स्कॅनर लावला तर पी ०३०३ निघाला. त्याने नवे काहीच विकत घेतले नाही. तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल काढून पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर, नंबर पुसला आणि गाडी फिरवून आणली. आता नंबर आला पी ०३०१. दोष कॉइलबरोबर चालत गेला! एक कॉइल बदलली, काम संपले.

खरी कारागिरी इथेच आहे. यंत्र सिलिंडर दाखवते, कारण दाखवत नाही. कॉइल हलवूनही नंबर तिसऱ्यावरच राहिला असता तर प्लग, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन गेज लावून व्हॉल्व्ह व रिंगा तपासाव्या लागल्या असत्या. पी ०३०० आल्यास हवा खेचणारा फाटका पाइप, कमी दाबाचा पंप किंवा भेसळीचे पेट्रोल यांचा संशय आधी धरावा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो, तिथे इंजेक्टरपासून सुरुवात.

दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे महाग धातू असतात. मग कॉइलच्या खर्चाची बात उरत नाही.

मोबाइलला जोडायचे छोटे यंत्र काही शे रुपयांतही मिळते. नंबर वाचायला ते पुरते. एअरबॅग, एबीएस अशा कामांना मात्र मोठा स्कॅनर हवा, आणि तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीदारीत घेतला तरी चालण्यासारखे आहे. उर्दू शाळेतून निघालेल्या पोरांना इंग्रजी पडद्याची धास्ती वाटते खरी, पण अशा पोरांना आम्ही मोबाइल दुरुस्त करताना रोज पाहतो. नंबर ठराविकच असतात, महिनाभरात तोंडपाठ होतात.

आणि ग्राहक म्हणून आपण एवढे करावे: नंबर पुसण्याआधी तो बिलावर लिहून मागावा, आणि तपासणीची मजुरी कुरकुर न करता द्यावी. फुकट तपासणीचे पैसे नको असलेल्या पार्टच्या बिलातून वसूल होतात.