संगणक-भाषांतील चुका व त्या कळविण्याची रीत

शाळेंतील संगणकावर पायथन भाषेचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस हांक मारली. अडीच ही संख्या पूर्णांकांत आणण्यास त्यानें यंत्रास सांगितलें होतें, आणि यंत्रानें तीनाच्या ऐवजीं दोन असें उत्तर दिलें होतें. गणिताच्या तासास हेंच उत्तर त्यानें लिहिलें असतें तर आम्हीं गुण कापले असते! आम्ही लागलीच भाषेच्या व्यवस्थापकांस तक्रार लिहावयास बसलों. अर्धी झाल्यावर पुस्तिका उघडण्याची बुद्धि सुचली. तेथें स्वच्छ सांगितलें होतें कीं, संख्या दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्यें पडल्यास त्यांतील सम पूर्णांक घ्यावयाचा. दर वेळीं वरच्याच अंगास झुकलें तर मोठ्या बेरजा फुगतात, म्हणून ही योजना. तक्रार पुसून टाकावी लागली. मुलांसमोर आम्ही जरा ओशाळलों, हें कबूल करण्यास हरकत नाहीं.

संख्या गोल करणें, याद्या क्रमानें लावणें, तारखा मोजणें अशा नित्याच्या कामांचा तयार संग्रह बहुतेक भाषांबरोबर मिळतो. त्यास स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. गांवच्या विहिरींत दोष निघाला तर तो घरोघरच्या घागरींत जातो, तसेंच येथें घडतें.

जावा भाषेचें उदाहरण प्रसिद्ध आहे. क्रमवार यादींत एखादें नांव शोधावयाचें तर मधलें नांव पाहावें, मग योग्य त्या अर्ध्या भागाचा मध्य पाहावा, ही रीत शब्दकोश चाळणाऱ्या मुलासही ठाऊक असते. जावाच्या संग्रहांत हा मध्य काढण्यासाठीं दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनानें भागलें होतें. यांत चूक ती काय? पण त्या भाषेंतील साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढें जाऊं शकत नाहीं. यादी दीडशें कोटींची असली आणि नांव उत्तरार्धांत असलें, तर दुसऱ्याच पायरीस पंचाहत्तर कोटी व दीडशें कोटी यांची बेरीज ही मर्यादा ओलांडते, उत्तर ऋण होतें आणि प्रोग्राम कोसळतो. हा दोष सुमारें नऊ वर्षें तसाच राहिला; कारण एवढ्या मोठ्या याद्या पूर्वीं कोणापाशीं नव्हत्या. अखेर कोणाचा तरी प्रोग्राम मोडला व त्यानें तें कळविलें. तो भाग लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीं २००६ सालीं स्वतःच हा दोष जाहीर केला. पुष्कळ जाणते लोक असें करण्यास कचरले असते. उपाय अगदीं लहान होता: दोन टोकांतील अंतराचें अर्ध खालच्या टोकांत मिळवावें, म्हणजे बेरीज मर्यादेंतच राहते.

आतां कळवावें कसें? ‘तुमची भाषा बिघडली आहे’ एवढ्यानें कोणास कांहींच कळत नाहीं. भाषेची आवृत्ति कोणती, दोष दाखविणारा लहानांत लहान प्रोग्राम कोणता, अपेक्षा काय होती व घडलें काय, हें लिहावें. शंभर ओळींतून नव्वद काढून टाकल्यावरही दोष दिसत असेल तर त्या नव्वद पाठवूं नयेत. आणि पुष्कळदां या काटछाटींतच चूक आपली होती असें उघड होतें. तोच दोष आधीं कोणीं नोंदविला आहे कीं काय, हेंही पाहावें.

प्रोग्राम बरोबर पण पुस्तिका मुकी, असेंही होतें. आमच्या मतें हाही दोषच होय, व तो कळविण्यास लाजूं नये. पायथनमध्यें २.६७५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत गोल केली असतां २.६८ न येतां २.६७ येते. यंत्र संख्या द्विमान पद्धतीनें साठवितें, त्यामुळें ही संख्या आंत किंचित् कमी भरते. पुस्तिकेंत हेंच उदाहरण मुद्दाम दिलें आहे. तें नसतें तर आमच्यासारखे किती जण अर्धवट तक्रारी लिहीत बसले असते!

पायथनचें दोष-नोंदीचें दप्तर २०२२ सालापासून गिटहबवर आहे. नोंद करण्यास मूल्य पडत नाहीं. ती इंग्रजींत लिहावी लागते, म्हणून पालकांनीं मुलांजवळ बसून वाक्यें एकदां वाचून पाहावीं. प्रोग्रामाच्या ओळी मात्र मुलासच लिहूं द्याव्या.