नवा प्रोसेसर : आता घ्यावा की थांबावे?

इंदूर शहरातील पलासिया चौकात महात्मा गांधी मार्ग आग्रा-मुंबई रस्त्यास मिळतो. हाच रस्ता पुढे सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे, नाशिक या मार्गाने मुंबईस येतो. त्यामुळे खानदेशातील खरेदीदारास इंदूरची बाजारपेठ कधीच परकी वाटलेली नाही. पलासियातील दुकानात संगणक पाहणारा गृहस्थ इंदूरचा मराठी शिक्षक असो वा धुळे जिल्ह्यातील ग्रामपंचायतीचा सदस्य असो, त्याच्या कानी दोन सल्ले हमखास पडतात. विक्रेता म्हणतो, "नवी जनरेशन आली आहे, जुने कशाला नेता?" सोबत आलेला जाणता भाचा म्हणतो, "मामा, थोडे थांबा, पुढच्या वर्षी याहून चांगला येईल." दोन्ही सल्ले खरे आहेत, आणि नेमक्या त्याच कारणाने निर्णयास निरुपयोगी आहेत.

प्रोसेसर म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञा पार पाडणारी सिलिकॉनची चिप होय. इंटेल कंपनीने १९७१ साली विक्रीस आणलेल्या ४००४ या चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या प्रोसेसरमध्ये त्यांची संख्या अब्जांत मोजावी लागते. चिपवरील ट्रान्झिस्टरची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल, असा अंदाज गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये वर्तविला होता आणि १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. सर्वांत नव्या वस्तूचे नवेपण अल्पायुषी असते, हे यावरून ध्यानी येईल. केवळ याहून चांगला येईल म्हणून जो थांबेल, त्याला कायमच थांबावे लागेल.

तेव्हा प्रथम पाहावयाचे ते हे की, आपले काम कोठे अडते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सेवा केंद्रात उतारा निघण्यास विलंब झाला की रांगेतील शेतकरी केंद्रचालकावर चिडतो व केंद्रचालक संगणकास दोष देतो. वस्तुतः तो उतारा दूरच्या सर्व्हरवरून येत असतो. इंटरनेटची जोडणी मंद असेल तर महागातील महाग प्रोसेसरही स्वस्थ बसून राहील. संगणक सुरू होण्यासच पाच मिनिटे लागत असतील, तर बहुधा आतील फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क किंवा अपुरी मेमरी त्यास कारणीभूत असते. अशा यंत्रात एसएसडी बसवून मेमरी ८ जीबी केल्यास शाळेची व कचेरीची नित्याची कामे पुष्कळ सुलभ होतात. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून, काम रखडलेले असताना कोणता आकडा शंभर टक्क्यांस भिडतो तेवढे पाहावे. तो प्रोसेसरचा असेल तरच प्रोसेसरचा विचार करावा.

नवी वस्तू बाजारात येताच घेण्यात आणखी एक धोका असतो. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक असल्याचे अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी दाखवून दिले. प्रोसेसर बदलून देण्याच्या या प्रकरणापायी कंपनीस ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. ही फार जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल; परंतु त्याच कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजमुळे बिघडत असल्याचे २०२४ साली उघड झाले. कंपनीने दुरुस्तीची आज्ञावली दिली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. मात्र आधीच बिघडलेली चिप त्या आज्ञावलीने सुधारणारी नव्हती. तेराव्या पिढीची विक्री ऑक्टोबर २०२२ मध्येच सुरू झाली होती, म्हणजे दोष कळण्यास दीड वर्षाहून अधिक काळ गेला. म्हणूनच नवी पिढी आल्यावर काही महिने इतरांचा अनुभव पाहणे, अथवा स्थिरावलेली मागील पिढी घेणे, सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे ठरते.

याला दुसरी बाजूही आहे. इंटेलच्या सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आले व आठव्या पिढीचे ऑक्टोबर २०१७ मध्ये. २०२१ साली विंडोज ११ प्रसृत झाली तेव्हा काही अपवाद वगळता आठवी पिढी आत व सातवी बाहेर, अशी रेघ ओढण्यात आली. अवघ्या नऊ महिन्यांच्या अंतराने यंत्राचे भवितव्य ठरले! शिवाय सातव्या पिढीच्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नसे. याउलट एएमडी कंपनीच्या एएम-४ सॉकेटच्या २०१७ मधील अनेक मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यावर, २०२० साली आलेले रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसरही बसविता आले. खरेदीच्या वेळी वेगाचे आकडे सगळेच विचारतात. या सॉकेटवर पुढची पिढी बसेल काय, हे विचारणारा विरळा.

विंडोज १० वर चालणाऱ्या यंत्रांबाबत मात्र स्वस्थ बसणे उचित नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबविला. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा सुधारणांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती. संस्थांसाठी सशुल्क व शाळांसाठी सवलतीची योजना निराळी. ज्या यंत्रावर गावकऱ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती हाताळली जातात, ते सुरक्षा सुधारणांवाचून इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे ग्रामस्थांचे दप्तर उघड्यावर टाकणे होय. अशा कामाचे यंत्र विंडोज ११ स्वीकारीत नसेल तर ते बदलावे, आणि तेथे पुढच्या पिढीची वाट पाहू नये. विद्यार्थ्यांच्या सरावाच्या जुन्या यंत्रांवर मात्र लिनक्स घालता येते. सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेली बॉस प्रणाली त्याच कुळातील आहे, व केरळमधील शासकीय शाळांतून मुक्त प्रणालीचा वापर वर्षानुवर्षे झालेला आहे.

थांबले की भाव उतरतातच, हाही भ्रम आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले. आपल्या कचेऱ्यांत खरेदीचा मुहूर्त तंत्रज्ञानापेक्षा मार्चअखेरच अधिक वेळा ठरवितो, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. त्या घाईत जे यंत्र उपलब्ध असेल ते पदरी पडते. त्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत प्रत्येक यंत्राचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा, मेमरी किती, डिस्क कोणती व त्यावर कोणते काम चालते, ही माहिती मुख्याध्यापकांनी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एका कागदावर उतरवून काढावी. शाळांना सुटी असल्याने यंत्रे उघडून पाहण्यासही तेव्हा सवड असते.