विषय नको, प्रश्न सांग

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरने सिनॉप्सिसचा मसुदा वाचायला पाठवला. शीर्षक होतं ‘लहान द्वीपराष्ट्रांतील युवा नेतृत्व आणि हवामान बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता : एक अभ्यास’. मी फोन करून विचारलं, "यात तुझा प्रश्न कुठला?" तो म्हणाला, "ताई, हाच की!" पण हा विषय झाला, प्रश्न नाही. (माझा पहिला मसुदाही याच कारणाने परत आला होता, त्यामुळे मी फार शहाणपणा शिकवू नये.) मग त्याच्याच विषयातलं एक उदाहरण त्याला सांगितलं, तेच इथे लिहिते.

वानुआतू हा दक्षिण पॅसिफिकमधला सुमारे ८० बेटांचा देश. लोकसंख्या तीन लाखांहून थोडी जास्त. चक्रीवादळं तिथे पाचवीला पुजलेली. २०१५ मध्ये ‘पाम’, २०२० मध्ये ‘हॅरोल्ड’ आणि मार्च २०२३ मध्ये तर ‘ज्यूडी’ आणि ‘केविन’ दोन-तीन दिवसांच्या अंतराने. राजधानी पोर्ट व्हिलामध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द साऊथ पॅसिफिकचं कायद्याचं शिक्षण चालतं. २०१९ मध्ये तिथले २७ विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, की हवामान बदलाचा मुद्दा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा.

आता यातली गंमत समजून घ्या. एका देशाने दुसऱ्यावर खटला भरायचा तर दुसऱ्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला असावा लागतो. मोठे प्रदूषक देश कशाला मान्य करतील? दुसरी वाट म्हणजे सल्लागार मत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने प्रश्न विचारायचा आणि न्यायालयाने कायदा काय म्हणतो ते सांगायचं. हे मत बंधनकारक नसतं, पण त्यासाठी कुणा एका देशाची संमतीही लागत नाही. पलाऊ आणि मार्शल आयलंड्स यांनी २०११ च्या सुमारास हाच प्रयत्न केला होता, तो आमसभेत मतदानापर्यंतही पोचला नाही.

म्हणजे सगळं अडलं होतं प्रश्नाच्या शब्दांवर. विद्यार्थ्यांनी पॅसिफिकमधल्या नेत्यांना पत्रं लिहिली, वानुआतूच्या सरकारने मुद्दा उचलला, आणि शेवटी जो प्रश्न तयार झाला त्यात एकाही देशाचं नाव नाही. पहिला भाग : हवामान जपण्यासाठी देशांची कायदेशीर कर्तव्यं कोणती? दुसरा : ज्यांच्या कृतीने किंवा निष्क्रियतेने मोठं नुकसान झालं, त्यांच्यावर याचे कायदेशीर परिणाम काय? २९ मार्च २०२३ ला, म्हणजे ‘केविन’ येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, आमसभेने हा ठराव मतदान न घेता एकमताने मंजूर केला.

‘जुळवून घेण्याची क्षमता’ हा शब्द मला खटकतो तो इथेच. त्यात तग धरायचं काम भोगणाऱ्याच्याच माथी येतं. या मुलांनी ‘आम्ही कसं सोसावं’ हे विचारलंच नाही. इतरांचं देणं काय, हे विचारलं.

२३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने मत दिलं : कर्तव्यं आहेत, ती मोडली तर भरपाईचाही प्रश्न येऊ शकतो. आमच्यासारख्या विज्ञानवाल्यांसाठी मात्र खरा मजकूर कार्यकारणाच्या भागात आहे. न्यायालयाने तिथे दोन पायऱ्या वेगळ्या केल्या. अमुक वादळ किंवा अमुक बदल मानवनिर्मित हवामान बदलामुळे घडला का, ही पहिली. त्यातून झालेल्या नुकसानीचा किती वाटा अमुक एका देशाचा, ही दुसरी. पहिल्या पायरीवर विज्ञान बरंच मदत करू शकतं, असं न्यायालय म्हणतं. दुसरी मात्र प्रत्येक प्रकरणात वेगळी तपासावी लागेल. म्हणजे तिथे भरपूर काम शिल्लक आहे आणि त्यासाठी वादळाची आकडेवारी, प्रारूपं, उत्सर्जनाच्या नोंदी हे सगळं लागणार.

एवढं ऐकून ज्युनिअर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, मग मी फक्त एकच वादळ घेऊ का?"

घे म्हटलं. कुठलं ते सोमवारपर्यंत कळव.