झबल्यावरची चिठ्ठी

बारसे ठरले की घरातील वडील मंडळी बाळासाठी मऊसूत झबलीटोपरी शोधू लागतात. अलीकडे त्यांवर ‘सेंद्रिय कापसाचे’ अशी चिठ्ठी असते आणि तिच्यापायी चार पैसे अधिक मोजावयास आपण कुरकुरत नाही. पण ही चिठ्ठी खरी कशावरून, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या बाजूस कापूस, सोयाबीन, हळद ही पिके घेतात. तेथील एखाद्या शेतकऱ्याने सेंद्रिय कापूस पिकवावयाचे मनात आणले, तर रासायनिक खते, औषधे आणि 2002 पासून सर्वत्र पसरलेले बीटी बियाणे त्यास वर्ज्य होते. जमिनीस मान्यता मिळेपर्यंत दोन-तीन वर्षे थांबावे लागते. बहुधा उत्पन्नही घटते. पुढे तो कापूस जिनिंग, सूतगिरणी, माग, शिवणकारखाना असे हात बदलीत दुकानात येतो. कापूस सगळा सारखाच पांढरा! भेद राहतो तो केवळ सोबतच्या प्रमाणपत्रात. म्हणूनच लबाडीही तेथेच शिरते.

2020 च्या ऑक्टोबरात ‘ग्लोबल ऑर्गॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’ ह्या संस्थेने भारतातील असाच प्रकार उघडकीस आणला. बनावट सरकारी संकेतस्थळाच्या आधारे खोटे दाखले तयार करून सुमारे 20,000 टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखविला गेला होता. संस्थेने 11 कंपन्यांना आपले प्रमाणपत्र बंद केले.

अशा वेळी कापड विकणारी मोठी पेढी म्हणते, ‘आम्हीही फसलो, आमच्यापाशी कागद होता.’ हे उत्तर आम्हांस पटत नाही. ज्या नावावर अधिक किंमत घेतली, त्या नावाचा खरेपणा शेतापर्यंत जाऊन पाहणे हे घेणाऱ्याचेच कर्तव्य होय. आता कायद्याचाही रोख तिकडेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शब्द पुराव्यावाचून वापरता येत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस 2019 च्या कायद्यान्वये 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड आहे.

ह्या लबाडीत आपले चार पैसे जातात, ते सोसता येईल. परंतु ज्याने घटलेले पीक पत्करून व्रत पाळले, त्याचा माल खोट्या मालाच्या भावात जातो. पुढल्या वर्षी तो ते व्रत सोडून देतो. तेव्हा झबले घेताना दाखला कोणत्या संस्थेचा व त्याचा क्रमांक कोणता, एवढे दुकानदारास अवश्य विचारावे. घरोघरी हा प्रश्न निघू लागला, म्हणजे पेढ्यांस शेताची वाट धरावीच लागेल.