काटा हलला की थर्मोस्टॅटचा बळी

“थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्या हवेत त्याचं कामच नाही.” मोसम खोऱ्यात ऊन तापू लागलं की गॅरेजमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. नामपूरच्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या पिकअप रांगेत उभ्या असतात. टेंपरेचरचा काटा चढतो, रांग सरकली की उतरतो, शेलबारी घाटात पुन्हा चढतो. गाडी गॅरेजला जाते, थर्मोस्टॅट निघतो, सपाट रस्त्यावर काटा खाली राहतो आणि सल्ला खरा ठरल्यासारखा वाटतो. तो खरा नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे बहुतेक गाड्यांत मेणाची एक छोटी कुपी आणि तिला जोडलेली झडप. कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. ९५च्या आसपास रेडिएटरकडची वाट पूर्ण मोकळी होते. म्हणजे काटा लाल पट्टीकडे जातो तेव्हा चांगला थर्मोस्टॅट आधीच उघडलेला असतो. तो उघडत नसेल तर बदलायचा. खात्री करायची तर तो पातेल्यात पाण्यात टांगून थर्मामीटरसह गॅसवर ठेवावा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला नाही, तर दोष तिथेच आहे.

“तो थंड देशांसाठी असतो” हा युक्तिवाद तर हिशेबातच बसत नाही. मालेगावचा पारा ४३ वर गेला तरी इंजिनाला लागतात ९० अंश. बाहेरची हवा निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दुसरी चकती असते. मुख्य वाट उघडताना ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो. अशी गाडी भरल्या मालासह घाट चढताना पूर्वीपेक्षा जास्त तापते! विश्वास बसत नसेल तर आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला कूलिंग सर्किटचा नकाशा उघडा. बायपासची नळी असेल तर त्यात दाखवलेली असते.

सपाट रस्त्यावर उलटा त्रास. इंजिन पुरेसं तापतच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. ऑइलमधली वाफ आणि इंधन उडून जात नाही, झीज वाढते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत कूलंट ठरलेल्या तापमानाला पोहोचल्याशिवाय डीपीएफची, म्हणजे धुराच्या गाळणीची, काजळी जाळण्याची प्रक्रिया नीट होत नाही. स्कॅनर लावला की पी-०१२८ कोड दिसतो. त्याचा अर्थच असा की कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही. तो कोड पुसून देणारे मेकॅनिक आहेत, याचा राग येतो.

मग गाडी नेमकी एप्रिल-मेमध्येच का तापते? रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या १५ अंशांच्या सकाळी ९५ अंशांच्या कूलंटसाठी हा फरक ८० असतो. ४५ अंशांच्या दुपारी तो ५० उरतो. क्षमता ६२ टक्क्यांवर येते. हिवाळाभर झाकून राहिलेला चोंदलेला रेडिएटर तेव्हा उघडा पडतो.

म्हणून काटा कधी हलतो ते आधी पाहा. उभ्या गाडीत चढतो आणि चालू लागल्यावर उतरतो, तर फॅन, त्याचा रिले किंवा वायरिंग तपासा. घाटात आणि वेगात चढतो, तर चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. एकाएकी वर जाऊन तसाच खाली येतो, तर कूलंट कमी किंवा आत हवा अडकलेली. कूलंट पुन्हापुन्हा कमी होतं आणि टाकीत सतत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. हेडलाइट लावताच काटा उडतो, तर इंजिनाकडे जाण्याआधी अर्थिंग बघा. आणि घाट उतरताना काटा कोसळतो, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा कुणीतरी आधीच काढला आहे. स्कॅनरवरचा आकडा आणि काटा ताडून पाहिले की सेन्सरचा दोष की खरी उष्णता, हे लवकर कळतं. फॅन चालू-बंद होताना पाच-दहा अंशांचा फरक पडणं स्वाभाविक आहे.

काटा मधोमध म्हणजे सगळं ठीक, असं नाही. बऱ्याच गाड्यांत तापमान बरंच बदललं तरी काटा मधेच ठेवलेला असतो. शिवाय कूलंट गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खाली दाखवू शकतो.

बोअरच्या पाण्यावर भागतं, हेही खोटं. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. कूलंट उकळबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं, ते फक्त गोठण्याविरुद्ध नसतं. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ बघून, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घ्या.

गाडी तापली की झाकण उघडून पाणी ओता, हा सल्ला सगळ्यांत धोक्याचा. झाकणाखाली सुमारे १ बार दाब असतो, त्यामुळे साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि उकळतं पाणी वाफेसह तोंडावर येतं. वरून थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. वरचा होज पाइप हाताला सोसेल इतका निवून मऊ लागेपर्यंत थांबा.

घाटात काटा चढू लागला आणि लगेच थांबायला जागा नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात लावा. हीटरने इंजिन आणखी तापत नाही. हीटरची जाळी छोट्या रेडिएटरचं काम करते आणि उष्णता केबिनमध्ये ओढून घेते. काचा खाली करा आणि पहिल्या सुरक्षित जागी इंजिन बंद करा.