इस्पितळ : कर्मचाऱ्यांच्या नजरेतून

आपल्या स्मरणिकेत बहुधा रोगांवर आणि उपचारांवर लेखन होते. परिचारिका, आया, सफाई कामगार आपल्या इस्पितळाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हा विषय सहसा कोणी हाती घेत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले : "सगळे बरे आहे, डॉक्टर." पाळी-साखळी परिसरातील खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, तेव्हा काही घरांत अशा एकाच पगारावर चूल पेटत होती. त्या घरातील बाई वरिष्ठांसमोर तोंड उघडणार नाही. तिचे मौन म्हणजे समाधान, असे मानण्यात अर्थ नाही.

या संदर्भात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाची आठवण अपरिहार्य आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका सफाई कामगाराने अत्याचार केला, तो त्या तळघरात कपडे बदलत असताना. परिचारिकांना साधी सुरक्षित खोलीही नव्हती! गुन्हा नोंदवला गेला तो चोरीचा व खुनाच्या प्रयत्नाचा. परिचारिकांनी संप केला. ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला अन्यत्र हलवण्याचा विचार केला, तेव्हाही त्यांनीच विरोध करून तो हाणून पाडला. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली. अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार या कर्मचाऱ्यांचाच मानला. व्यवस्थेविषयीचा संताप आणि 'हे आपले इस्पितळ' ही भावना, दोन्ही एकाच मनात नांदत होती. प्रश्नावलीतल्या 'समाधानी / असमाधानी' या दोन चौकटींत हे कसे बसावे?

अमेरिकेतील संशोधिका एमी एडमंडसन यांचा १९९६ सालचा अभ्यास आम्हा बालरोगतज्ज्ञांनी तरी वाचावा. औषध देण्यातील चुका मोजताना त्यांना असे आढळले की, ज्या विभागांत परस्परसंबंध उत्तम, तेथेच चुकांची नोंद अधिक! त्यांनी लावलेला अर्थ असा की, तेथे चुका जास्त घडत नसाव्यात. त्या सांगण्याची भीती नव्हती. दीड किलोच्या अर्भकाला मात्रा देताना दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते. ते प्रथम दिसते इंजेक्शन भरणाऱ्या परिचारिकेला. "डॉक्टर, पुन्हा एकदा बघता का?" एवढे विचारायला तिची जीभ रेटते की नाही, यावर ते बाळ अवलंबून असते. अनेक ठिकाणी ती गप्प राहते, कारण मागे कुणीतरी असे विचारले आणि सर्वांदेखत बोलणी खाल्ली, हे तिने पाहिलेले असते.

डिचोली-पेडणे भागातील आपल्या लहान इस्पितळांना यासाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही. मराठी-कोंकणीतले तीन प्रश्न, निनावी चिठ्ठी, आणि पेटी व्यवस्थापकाच्या खोलीबाहेर, आयांच्या जेवणाच्या जागेजवळ ठेवलेली. चिठ्ठ्या मात्र अक्षर ओळखणाऱ्याने उघडू नयेत.